अर्धी मूठ माती

"बाई, तुमची माती पाझरून राहिली."

धुक्यातून आवाज आला म्हणून मी वळून पाहिलं. शेजारी एक उंच, सडसडीत माणूस उभा होता. पायात पांढरेशुभ्र नवे बूट, डोक्याला कानटोपी, आणि उजवा हात कोपरापर्यंत चिखलानं माखलेला... जणू आत्ताच म्हैस धुऊन आला असावा.

"माझी पाझरते, अन् तुमची?" मी म्हटलं. "मूठभर घ्यायची होती. तुमी तं अंगाले लावून घेतली."

त्यानं आपल्या हाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आणि हसला — सावकाश, आधी डोळ्यांनी आणि मग ओठांनी. इतक्या गारठ्यात माझे कान का तापले ते मला कळलं नाही. लुगडं खोचण्याच्या निमित्तानं मी मान खाली घातली.

समुद्र आमच्यापासून फार लांब. मोहटोल्याच्या माणसाला काठ म्हटलं की तलावाची पाळच आठवते. दरवर्षी धान घरात आलं, जानेवारीचं धुकं पाण्यावर उतरलं, की सगळं गाव त्या पाळीवरून धावतं. आम्ही तिला पाळदौड म्हणतो. फार पूर्वी एका रात्री सांडव्याजवळ पाळ फुटली होती आणि गावानं मूठमूठ माती टाकून ती बुजवली होती. तेव्हापासूनची ही रीत. धावणाऱ्यानं तलावाच्या तळाची एक मूठ माती घ्यायची, मूठ मिटून धावायचं, आणि सांडव्याजवळ पाळीच्या खांद्यावर ती टाकायची. वाटेत माती पडली की तो बाद. मात्र दुसऱ्या कुणी आपल्या मुठीतली अर्धी दिली, तर दोघंही शर्यतीत राहतात.

त्या वर्षी पहिल्यांदाच साठी ओलांडलेल्यांचा गट काढला होता. माझ्या सुनेनं, शालूनं, मला न विचारता माझं नाव दिलं. माझा मुलगा प्रविण तरुणांच्या गटात धावायचा. तो गट शाळेपासून गावाला वळसा घालून मागाहून पाळीवर येतो. कितीतरी वर्षं प्रविणचा दुसरा नंबर ठरलेला. पहिला येणं तेवढं बाकी होतं.

थाळी वाजली आणि आम्ही निघालो. धावणं कसलं ते, भरभर चालणंच. तो माणूस माझ्या बाजूनं, हात कवायतीसारखे हलवत, छाती काढून निघालेला.

"कोणाकडचे पाहुणे तुमी?"

"पाहुणा नाही. सेवकराम माझं नाव. साकोलीले पोरीकडे रायाले आलो. जवाहरनगरच्या फॅक्टरीत होतो. त्याच्या आधी चिखल्याचा. बाप खाणीत होता."

"म्हणजे वावर नाही?"

"कुंडीसुद्धा नाही."

"मंग धावाले कायले आले?"

"पोरगी म्हणाली, एकच पेपर सकाळपासून वाचून राहिले, त्याच्यापेक्षा धावा." थोडं थांबून तो म्हणाला, "पोरगी मास्तरीण हाय. ऐका लागते."

"धावता तं असे जसे फॅक्टरीच्या गेटावर हजेरी द्याले चालले."

"सवय हाय ना बाई. भोंगा वाजला की असाच पळत होतो." आणि त्या भल्या माणसानं, पांढऱ्या मिशीच्या त्या माणसानं, भर पाळीवर तोंडानं फॅक्टरीचा भोंगा काढला... लांबलचक, शेवटी जरा चिरकणारा. तलावातली बदकं फडफडत उठली.

मला हसू फुटलं. आमच्या पिढीच्या बायका हसल्या की हात आपोआप तोंडावर जातो. माझाही गेला. उजवाच गेला.

थंडगार चिखल नाकाला, गालाला, ओठांना लागला आणि उरलेला फतकन मोहाच्या झाडाखाली पडला. मी तशीच उभी राहिले. तोंडाला माती, मूठ रिकामी.

"पडली?" त्यानं विचारलं.

"दिसत नाही का?"

त्यानं मूठ उघडली, मातीचा गोळा दोन्ही हातांनी मोडला आणि अर्धा माझ्या तळहातावर ठेवला. त्याची बोटं गरम होती. नंतर त्यानं माझी मूठ आपल्या हातानं मिटवली — हळूच, चिमणी पकडल्यासारखी.

मागून येणारी माझी मैत्रीण ताराबाई जागीच थांबली. पाळीवर बसलेली माणसं उठून उभी राहिली. कुणीतरी शीळ घातली.

"वाटली वो बाई," ताराबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "निर्मलेची माती वाटली."

"काय झालं?" सेवकराम गोंधळला. "नियमात नाही का?"

"हाय."

"मंग?"

"मंग काही नाही. पळा."

सांडव्याजवळ उकडलेल्या शिंगाड्यांची टोपली घेऊन बसल्यावर ताराबाईनं त्याला सगळं समजावलं, आणि अगदी चवीनं समजावलं. माती वाटून घेतलेल्यांनी वर्षभरात एकमेकांच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, एक दिवस राबायचं. बांध तुमचा तसा आमचा.

"म्हणजे मले यायच्या वावरात काम करा लागन?"

"रोवणीत या," ताराबाई म्हणाली. "पांढरे बूट घालून या."

"अन् पुढच्या वर्षी बी वाटली तं?"

ताराबाईनं माझ्याकडे बघत शिंगाडा सोलला. "लागोपाठ दोन वर्षं दोन घरांची माती वाटली गेली, तं गाव त्याले सोयरीक धरते. लग्नच जमलं म्हणा."

कानटोपीच्या खाली त्याचे कान लाल झाले. "मले काही ठाऊक नव्हतं बाई. खरंच नव्हतं."

"ठाऊक असतं तं दिली नसती?" मी विचारलं.

विचारून गेले आणि वाटलं, जीभ चावावी. तो गरम शिंगाड्यावर फुंकर घालत राहिला... बराच वेळ. शिंगाडा केव्हाच गार झाला होता.

ती रीत माझ्याइतकी कुणाला ठाऊक असणार? माझं पहिलं लग्न तिनंच जमवलं. तेव्हा पोरींनी पाळीवर धावायचं नाही. मी मात्र धावायचे, पाळीच्या खालून. वरून पुरुष धावत आणि खाली लाखोळीच्या निळ्या फुलांतून, धुऱ्याधुऱ्यांवरून, परकर हातात धरून मी. कुणाला दिसायचे नाही. एका वर्षी खालूनच पाहिलं, की वर माझा भाऊ थांबलाय आणि एका घराच्या मुलाशी दुसऱ्यांदा माती वाटून घेतोय. खाली उभ्या उभ्या कळलं, की आपलं लग्न ठरलं. नवरा चांगला मिळाला, त्याच्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती. त्याला जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. पण ती माती भावाच्या मुठीत होती. माझ्या नव्हती.

आषाढात धानाची रोवणी लागली आणि एका सकाळी साकोलीच्या बसमधून सेवकराम उतरला. पांढरेच बूट घालून. बांधीत, गुडघाभर चिखलात, वाकलेल्या बायकांच्या रांगेतून हसण्याची लाट गेली.

"आले गा, जावई आले," ताराबाई म्हणाली.

"तारे, तोंड आवर."

"मी काय म्हटलं? भोंगा वाजवा म्हणा, सुट्टी होऊ दे आमची."

त्यानं बूट काढून मोहाच्या मुळाशी जोडीनं ठेवले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि फावडं घेतलं. दुपारपर्यंत पावसाची सर येत राहिली, जात राहिली, आणि तो धुरा बांधत राहिला. बांधला तोही असा, की पाहून मला राहवेना.

"हा धुरा हाय का साप?"

"फॅक्टरीत सगळं सरळ करा लागे," तो म्हणाला. "म्हटलं, इथं तरी जरा..."

"पाणी नाही थांबणार अशानं. सरका." मी त्याच्या बाजूला वाकले आणि मातीचा थर थापू लागले. त्याचा हात माझ्या हाताशेजारीच थापत होता. पावसाचं पाणी त्याच्या मिशीवरून टपटप गळत होतं. एकदा हाताला हात लागला. दोघांनीही काढला नाही... आणि दोघांनीही वर पाहिलं नाही.

"निर्मलाबाई."

"हं."

"बेडूक हाय तुमच्या पायावर."

मी किंचाळत उठले ती थेट चिखलात बसले. बेडूक नव्हताच. सगळी बांधी हसत होती, आणि माझा हात पुन्हा तोंडावर होता.

"हसताना लपता कायले?" तो हळूच म्हणाला. "दिसू द्या ना जरा."

आता माझा दिवस राहिला होता. त्याला ना शेत, ना धुरा. राबायचं कुठे? दिवाळीआधी मी तलावाची माती पिशवीत भरली आणि साकोलीच्या बसमध्ये मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरनं विचारलं, "आजी, यात काय?" मी म्हटलं, "कर्तव्य." त्यानं तिकीट फाडून हातात दिलं.

त्याच्या लेकीच्या, रिताच्या, गॅलरीत एक फुटकी बादली होती आणि तिच्यात एक मरतुकडं वांग्याचं झाड.

"हे तुमचं वावर?"

"रोवणीनंतर लावलं. तुमच्याकडून शिकून."

"माझ्याकडून असं शिकले? कोणाले सांगू नका."

मी माती घातली, झाडाला काठीचा आधार दिला. रितानं चहा आणला, आमच्याकडे पाहिलं, आणि वह्या तपासायच्या आहेत म्हणून आत निघून गेली. जाताना दार लोटून घेतलं. चहा पिताना मी त्याला पाळीखालून धावणाऱ्या पोरीची गोष्ट सांगितली. का सांगितली कोण जाणे, नवऱ्यालाही कधी सांगितली नव्हती.

त्यानं वांग्याच्या झाडाचं एक पिकलं पान खुडलं. "आता वरून धावा," तो म्हणाला. "सगळ्यायले दिसलं पायजे."

मग धान कापणं, मळणं झालं, आणि आम्ही सकाळी पाळीवर सराव करू लागलो. तो पहिल्या बसनं यायचा. धुक्यात आधी पांढरे बूट दिसायचे आणि मग तो. मला घरी साखर टाकली की मीठ टाकलं याचं भान राहत नसे. शालू भाजीची चव घेऊन नुसती हसायची. ती माझ्यासाठी बूट घेऊन आली — गुलाबी. "आई, हेच राहिले होते," म्हणाली. खोटं बोलत होती.

प्रविण मात्र गप्प गप्प झाला. पाळदौड जवळ आली तसा एका सकाळी अंगणात माझ्यासमोर येऊन बसला.

"आई, धाव तू. मी नाही म्हणत नाही. पण त्यायच्या बाजूनं नको धावू."

"काहून?"

"लोक पाहून राहिले, यंदा वाटते का नाही वाटत. चौकात त्याच गोष्टी." त्यानं काडीनं जमिनीवर रेघ ओढली. "बाबाचं घर हाय हे."

"तुह्या बाबाचं हाय, तुहं हाय. अन् माह्यं?"

तो उठून गेला. रागानं नाही गेला... तेच जास्त लागलं. पुढच्या वर्षी त्याला चाळिशी लागणार होती. तरुण गटातली त्याची ही शेवटची दौड, आणि त्याचं मन माझ्यामुळे अर्धं झालं होतं.

सेवकराम काही विचारत नव्हता. दुसऱ्या मातीचा शब्दही काढत नव्हता. मी मनात ठरवलं, यंदा नाही वाटली तर आपण समजून जायचं. बसनं यायचा, बसनं जाईल. बादलीतलं झाड बादलीत, धानाचं रोप बांधीत.

पाळदौडीच्या सकाळी धुकं इतकं दाट होतं, की तलाव आहे हे नुसत्या बदकांच्या शिट्यांवरूनच कळत होतं. मी काठावर वाकले आणि या वेळी कोरडीशी, चिवट माती घेतली. पिळून पिळून गोळा केला. तो शेजारीच वाकला होता. त्याचाही गोळा घट्ट. वर्षभरात एवढं मात्र शिकला होता.

"पक्की घेतली?" मी विचारलं.

"लय पक्की."

"मंग पडत नाही आता."

"नाही पडत," तो म्हणाला. आवाजात काही नव्हतं. मी मूठ आवळली.

थाळी वाजली. आम्ही धावलो, आणि या वर्षी खरंच धावलो. गुलाबी बूट आणि पांढरे बूट, एकाच ठेक्यात. दोन्ही बाजूंना माणसं होती, मुठी पाहणारी. तो सरळ पुढे पाहत होता. मीही. मूठ मिटलेली आणि तिच्याआत नुसती धडधड... माझी बोटं धडधडत होती की छाती, सांगता आलं नसतं.

आणि मग माझ्या लक्षात आलं. ज्याची पडते त्यालाच मिळते. दोघांच्या मुठी भरलेल्या असतील तर कोण कुणाला देणार? माती घट्ट धरून ठेवली तर मी दौड पुरी करेन, आणि बाकी सगळं पाळीच्या खालीच राहील. कुणाला न दिसता.

मोहाचं झाड आलं. समोर सगळं गाव. मी हात पुढे केला, अगदी सर्वांना दिसेल असा, आणि मूठ उघडली.

फतकन आवाज झाला.

आणि लगेच दुसरा.

मी खाली पाहिलं. माझ्या गुलाबी बुटांपाशी एक गोळा होता. त्याच्या पांढऱ्या बुटांपाशी दुसरा. त्याची मूठ रिकामी, उघडी, माझ्याकडे केलेली.

"तुमी काहून टाकली?" मी विचारलं.

"तुमी काहून टाकली?"

"मले वाटलं, तुमी द्याल म्हणून."

"मले वाटलं, तुमी द्याल," तो म्हणाला. "गेल्या वर्षी मी दिली, ते न समजता. यंदा म्हटलं, तुमच्या हातानं यावी. तुमाले नसन द्यायची, तं नाही दिली तरी चालन." तो थांबला. "चालन नाही. पण चालन असं म्हटलं असतं."

गावाला कळायला क्षणभर लागला. मग हसण्याचा असा पूर आला की विचारू नका. ताराबाई तर खालीच बसली. "दोघं बी बाद," ती हसता हसता रडत म्हणाली. "मूठभर माती नाही दोघायपाशी, अन् चालले सोयरीक कराले."

आम्ही उभेच. काय करावं कळेना. पडलेली उचलायची नाही, हा नियम. मागचे म्हातारे बाजूनं पुढे जात होते, कुणी खांद्यावर थोपटत, कुणी मान हलवत. इतक्यात मागून पावलांचा धडाका ऐकू आला. तरुणांचा गट पाळीवर आला होता. धुक्यातून पहिला बाहेर पडला तो प्रविण. एकटाच. त्याच्या मागे पाळ रिकामी.

लोक त्याचं नाव घेऊन ओरडू लागले. सांडवा समोर दिसत होता. त्यानं आम्हाला पाहिलं — दोन रिकामे हात, पायाशी दोन गोळे. त्याचा वेग कमी झाला. आणि तो थांबला.

"पळ ना," मी म्हटलं. "प्रविण, पळ. पहिला हाय तू."

तो धापा टाकत माझ्याकडे बघत होता. माझ्या तोंडावर काय होतं कोण जाणे. लहानपणी ताप चढला की तो असा बघायचा, आई काय म्हणते याची वाट पाहत.

त्यानं मूठ उघडली. गोळा मोडला. मी नकळत हात पुढे केला, पण तो माझ्याकडे आला नाही. सेवकरामसमोर उभा राहिला.

"आई तं माझीच हाय," प्रविण म्हणाला. "तिले कायले देऊ? तुमी घ्या."

सेवकरामनं हात पुढे केला. मागून दुसरा धावणारा आला आणि आमच्या बाजूनं निघून गेला. मग तिसरा. प्रविणनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्यानं माती त्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, "त्याच्यातली अर्धी तिले द्या. अन् धुरा सरळ बांधत जा. पाणी नाही थांबत."

"शिकतो," सेवकराम म्हणाला. "शिकवशीन तं शिकतो बापू."

प्रविण पुढे पळाला. कितवा आला ते त्या दिवशी कुणीच मोजलं नाही. शालूनं त्याच्या गळ्यात आपलाच रुमाल हारासारखा घातला एवढं मला दुरून दिसलं.

सेवकरामनं आपला गोळा मोडला. तुकडा आता जेमतेम बोराएवढा होता. त्यानं तो माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी बोटं एकेक करून मिटवली. या वेळी त्याला घाई नव्हती. गाव पाहत होतं, तरी नव्हती.

"आता तरी ठाऊक हाय ना, काय देऊन राहिले ते?" मी विचारलं.

"हाव," तो म्हणाला. "तुमाले ठाऊक हाय, काय घेऊन राहिल्या ते?"

"बादलीतलं एक वांग्याचं झाड."

"दोन वांगी लागली हायत त्याले."

मला हसू आलं. असं आलं, की पोटातून वर उसळत गेलं. पाळीवर सगळं गाव होतं, खाली लाखोळी निळीशार फुलली होती, धुकं पाण्यावरून उठत होतं, आणि मी हसत होते. हात तोंडाकडे गेला नाही. मुठीत माती होती.

"भोंगा वाजवा," मी म्हटलं. "पोहोचा लागते ना आता."

त्यानं भोंगा वाजवला. आणि आम्ही धावलो, पाळीच्या वरून, सगळ्यांत शेवटी.